वर्गबंधूंचा अल्बम: एकोणिसाव्या शतकातल्या कॉलेज विद्यार्थ्याचा फोटोसंग्रह घेताना

मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रिमफील्ड गावात वर्षातून तीनदा, मे, जुलै आणि सप्टेंबरात, जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना तंबू ठोकलेले असतात आणि उजाडायच्या आधीपासून माणसं हातात बॅटऱ्या घेऊन फिरत असतात. तिथे एका टेबलावर, बशांच्या चळतीखाली, मला माझा पहिला कॉलेज अल्बम सापडला. विटेसारखा जाड, कातडी बांधणी कोपऱ्यांना झिजून तांबूस झालेली, पितळेच्या दोन कड्यांपैकी एक गेलेली. उघडला तर जाड पानाला खिडकी कापलेली आणि खिडकीत एक मुलगा: कोट अंगापेक्षा मोठा, केस पाणी लावून चापून बसवलेले, नजर कॅमेऱ्याच्या जरा डावीकडे. पान उलटलं, दुसरा मुलगा. मग तिसरा. सेहेचाळीस मुलं, सहा प्राध्यापक, आणि शेवटच्या पानावर हातात झाडू घेतलेला कॉलेजचा शिपाई. यातलं कोणी माझं नव्हतं, पण अल्बम काही हातातून खाली ठेववेना.

तेव्हापासून मी हे अल्बम जमवतो आहे. बॉस्टन आणि न्यू जर्सी भागातल्या आपल्या काही मंडळींना हे बघून गोडी लागली आणि त्यांनी विचारायला सुरुवात केली: घ्यायचा कसा, ओळखायचा कसा, घरी आणल्यावर करायचं काय. त्यांच्यासाठी आणि नव्याने या वाटेला येणाऱ्या कुणासाठीही हे लिहितो आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर बेतलेलं आहे. अशा अल्बममधले फोटो सुटे करून विकले तर कधीकधी जास्त पैसे येतात. तरीही अल्बम फोडू नका आणि फोडलेला शक्यतो घेऊ नका. त्या मुलाने कोणाकोणाचे फोटो निवडले, कोणाला कोणाशेजारी लावलं, खाली काय लिहिलं, ही खरी चीज आहे. पानं सुटली की ती कुणालाच परत जुळवता येत नाही.

पहिली पायरी: काय बघतो आहोत ते समजून घ्या

१८३९ मध्ये जाहीर झालेला दागेरोटाइप म्हणजे चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावरचा एकुलता एक फोटो. त्याची दुसरी प्रत निघत नसे. हार्वर्डच्या १८५२ च्या वर्गाने, म्हणजे त्या साली पदवी घेणाऱ्या मुलांनी, बॉस्टनच्या जॉन अ‍ॅडम्स व्हिपलकडून असेच फोटो काढून घेतले होते. सुंदर आहेत, पण मित्रांना वाटायची सोय नव्हती. ती सोय दोन गोष्टींनी झाली. १८५० मध्ये फ्रान्सच्या ब्लांकार-एव्हरारने अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेला अल्ब्युमेन कागद आणला आणि १८५१ मध्ये इंग्लंडच्या फ्रेडरिक स्कॉट आर्चरने काचेवर कोलोडियन या चिकट द्रावाचा ओला थर देऊन निगेटिव्ह करण्याची रीत जाहीर केली. आता एका काचेवरून हव्या तितक्या प्रती निघू लागल्या. वर्गातला प्रत्येक जण एकदा फोटोसमोर बसला की सगळ्यांना सगळ्यांचे फोटो मिळू शकत होते. कॉलेज अल्बमचा जन्म या सोयीतून झाला.

शेवटच्या वर्षाला असताना वर्गाची समिती एक फोटोग्राफर ठरवी. या धंद्यात सगळ्यात नाव झालं ते जॉर्ज केंडल वॉरन याचं. लोवेल गावात त्याचा स्टुडिओ होता, पुढे तो केंब्रिजपोर्ट आणि बॉस्टनला आला. हार्वर्ड, येल, ब्राउन, डार्टमथ, प्रिन्स्टन, विल्यम्स अशा अनेक कॉलेजांचे वर्ग त्याने टिपले. मुलांबरोबर तो प्राध्यापक, इमारती, आवारातली झाडं आणि खोल्या झाडणारी, घंटा वाजवणारी माणसंही टिपी. मग विद्यार्थी आपल्याला हवे ते फोटो निवडून मागवी आणि बांधून घेई. त्यामुळे एकाच वर्गाचे दोन अल्बम सारखे निघत नाहीत. कुणी पंचवीसच वर्गबंधू घेतले, कुणी सगळे. कुणी प्राध्यापक वगळले आणि शिपायाला मात्र पूर्ण पान दिलं.

बाजारात तुम्हाला ढोबळमानाने तीन प्रकार दिसतील. पहिला, १८५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासूनचा मोठा बांधीव वर्ग-अल्बम: पानावर चिकटवलेला फोटो, बहुधा लंबगोल, आणि खाली त्या मुलाची शाईतली सही, कधी गावाचं नाव. कव्हरवर मालकाचं नाव सोनेरी अक्षरांत ठसवलेलं असेल तर अर्धं काम झालं. दुसरा, कप्प्यांचा अल्बम, म्हणजे मला मिळाला तो. यात 'कार्त द व्हिझीत' सरकवलेली असतात. संग्राहकांच्या बोलण्यात सीडीव्ही. पॅरिसच्या दिस्देरीने १८५४ मध्ये याचं पेटंट घेतलं. साधारण ६४ बाय १०० मिलिमीटरच्या कार्डावर चिकटवलेला पातळ फोटो, भेटीला गेल्यावर द्यायच्या कार्डाएवढा. अमेरिकेत १८६० नंतर त्याचं अक्षरशः वेड लागलं. कप्प्यांच्या बऱ्याच अल्बमांवर १४ मे १८६१ ही पेटंटची तारीख छापलेली दिसते. नवखी माणसं तीच अल्बमची तारीख समजतात. तसं नाही, त्या दिवसानंतर कितीतरी वर्षं तो शिक्का छापला जात होता.

तिसरा प्रकार कोडॅकनंतरचा. १८८८ मध्ये आलेला पहिला कोडॅक कॅमेरा २५ डॉलरचा होता, आत १०० फोटोंची फिल्म, आणि फोटो गोल. फिल्म संपली की आख्खा कॅमेरा रॉचेस्टरला, कंपनीकडे पाठवायचा. १८९० च्या दशकातल्या विद्यार्थी अल्बममध्ये मग खोलीतला पसारा, बर्फातली मस्ती, नौकांच्या शर्यती येतात. मुलींच्या कॉलेजांपैकी व्हासार १८६५ मध्ये सुरू झालं, स्मिथ आणि वेलस्ली १८७५ मध्ये. तिथल्या मुलींचे या काळातले अल्बम मला सगळ्यात जिवंत वाटतात. पोझ देणं संपलेलं असतं आणि मुली खरोखर हसत असतात.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने कप्प्यांच्या अल्बमपासून करावी असं माझं मत. तो जास्त मिळतो, हाताळायला सोपा असतो आणि कार्डांच्या मागे वाचायला पुष्कळ असतं.

दुसरी पायरी: काळ ठरवा

विक्रेता सांगेल ते साल ऐकून घ्या आणि बाजूला ठेवा. अल्बम स्वतः सांगतो ते बघा.

सगळ्यात सोपी खूण कॉलेजचा अध्यक्ष. त्याचा फोटो बहुधा पहिल्या पानांत असतो. हार्वर्डमध्ये १८५३ ते १८६० वॉकर, १८६० ते १८६२ फेल्टन, १८६२ ते १८६८ हिल आणि १८६९ पासून चाळीस वर्षं एलियट. येलमध्ये १८४६ ते १८७१ वूल्सी, मग १८८६ पर्यंत पोर्टर. प्रिन्स्टनमध्ये १८५४ ते १८६८ मॅक्लीन, मग १८८८ पर्यंत मॅकॉश. फेल्टन दिसला तर दोन वर्षांच्या आत येऊन पोहोचलात. आणि हो, कव्हरवर 'कॉलेज ऑफ न्यू जर्सी' असेल तर ते दुसरं कुठलं कॉलेज समजून अल्बम परत ठेवू नका. प्रिन्स्टनचं १८९६ पर्यंतचं अधिकृत नाव तेच होतं. न्यू जर्सीत राहणाऱ्या आपल्या लोकांच्या हातून याच चुकीने चांगला अल्बम सुटलेला मी पाहिला आहे.

दुसरी खूण कार्डाची. १८६० च्या दशकातलं कार्ड पातळ, कोपरे काटकोनी, कडेला फार तर एक-दोन बारीक सोनेरी रेघा. १८७० नंतर कार्ड जाड होत जातं, कोपरे गोल होतात. १८८० च्या दशकात गडद रंगाची, सोनेरी तासलेल्या कडांची कार्डं येतात. १८६६ पासून साधारण १०८ बाय १६५ मिलिमीटरचं मोठं 'कॅबिनेट कार्ड' आलं. अल्बममध्ये त्यासाठी मोठे कप्पे असतील तर तो अल्बम त्यानंतरचा.

तिसरी खूण माझी सगळ्यात आवडती. यादवी युद्धाचा खर्च भागवायला अमेरिकी सरकारने १ सप्टेंबर १८६४ ते १ ऑगस्ट १८६६ या काळात फोटोंवर कर लावला होता. फोटोग्राफरने कार्डाच्या मागे महसुली तिकीट चिकटवायचं आणि त्यावर सही-तारीख खरडून किंवा शिक्का मारून ते रद्द करायचं. २५ सेंटपर्यंतच्या फोटोला २ सेंट, ५० पर्यंत ३ सेंट, डॉलरपर्यंत ५ सेंट. फोटोंसाठी वेगळी तिकिटं छापलेली नव्हती, म्हणून तिकिटावर 'बँक चेक' किंवा 'प्लेइंग कार्ड्स' असं वाचून गोंधळू नका. मागे तिकीट असलं की ती प्रत या तेवीस महिन्यांत विकली गेली हे नक्की.

माझ्या ब्रिमफील्डच्या अल्बममध्ये पान ३१ वरच्या मुलाच्या मागे असं तिकीट आहे. दोन सेंटचं, निळं, एका कोपऱ्यात थोडं तिरकं. त्यावर फोटोग्राफरची दोन आद्याक्षरं आणि जून १८६५. तिकिटाच्या खाली त्या मुलाने लिहिलं आहे, 'तुझा वर्गबंधू', आणि सही. शाई तिकिटाच्या कडेला जरा फुटली आहे, म्हणजे तिकीट आधी लागलं आणि सही नंतर झाली. पदवीच्या महिन्यात फोटो विकत घेतला, सही करून मित्राला दिला, मित्राने कप्प्यात सरकवला. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वीची ही सगळी हालचाल एका करंगळीएवढ्या जागेत दिसते.

आता एक सावधगिरी, आणि ती सांगायला आपल्या घरचंच उदाहरण आहे. आनंदीबाई जोशींचा फिलाडेल्फियातला तो प्रसिद्ध फोटो तुम्ही पाहिला असेल: वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियाच्या तीन विद्यार्थिनी, साडीतल्या आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली. फोटो १० ऑक्टोबर १८८५ चा. खालच्या ओळीत तिघींच्या नावांमागे 'डॉक्टर' आहे. पण आनंदीबाईंना पदवी मिळाली मार्च १८८६ मध्ये, ओकामींना १८८९ मध्ये आणि इस्लामबुलींना १८९० मध्ये. म्हणजे खालचा मजकूर फोटोनंतर निदान चार वर्षांनी आला. त्यात सेरामपूरचं, म्हणजे आनंदीबाई अमेरिकेला जाण्याआधी जिथे राहत त्या गावाचं, स्पेलिंगही भलतंच झालं आहे. फोटो एका दिवसाचा आणि त्याखालचं अक्षर दुसऱ्या दिवसाचं असू शकतं. पेन्सिलीने लिहिलेली नावं पुष्कळदा मालकाच्या मुलीने किंवा नातवाने, आठवेल तशी, लिहिलेली असतात. ती वाचा, नोंदवा, पण पडताळल्याशिवाय त्यांवर अवलंबून राहू नका.

तिसरी पायरी: टेबलापाशी उभं राहून तपासणी

बरोबर दहापट भिंग, एक छोटी बॅटरी आणि पेन्सिल-वही असू द्या. पेन नको. विक्रेत्याला विचारूनच अल्बम हातात घ्या, टेबलावर सपाट ठेवा आणि कव्हर पूर्ण मागे टाकू नका. पाठीचा कणा तिथेच तुटतो.

आधी मोजा. किती कप्पे, किती फोटो, किती रिकामे. कप्प्यांच्या अल्बममध्ये बहुधा सुरुवातीला आकडे छापलेलं अनुक्रमणिकेचं पान असतं आणि मालकाने त्यात नावं भरलेली असली तर तुमचं नशीब. नावं आणि खिडकीतली माणसं पडताळा. अकराव्या आकड्यापुढे मुलाचं नाव आणि कप्प्यात टोपी घातलेली आजीबाई असेल, तर मधे कुणीतरी हात घातला आहे. सैनिकी पोशाखातले, कृष्णवर्णीय माणसांचे, किंवा मोठ्या माणसांचे फोटो चांगल्या भावाला जातात. ते काढून घ्यायचे आणि रिकाम्या जागी पेटीतला कुठलाही फोटो सरकवायचा, ही रीत दुर्दैवाने सर्रास चालते. मी एकदा ऑनलाइन लिलावात 'संपूर्ण' म्हणून अल्बम घेतला. घरी आल्यावर पाहिलं तर बारा कार्डांचे कोपरे गोल होते, बाकी सगळी काटकोनी. पानं १८६२ ची, पाहुणे वीस वर्षांनंतरचे. तेव्हापासून मी प्रत्येक पानाचा फोटो मागतो आणि दोन-चार कार्डांची मागची बाजूही.

चिकटवलेल्या अल्बममध्ये समोरच्या पानाकडे बघा. वर्षानुवर्षं मिटलेल्या पानांवर फोटोची पिवळट सावली उमटते. सावली लंबगोल आणि फोटो चौकोनी असेल तर अदलाबदल झालेली आहे.

मग भिंग. अल्ब्युमेन फोटोचा रंग तपकिरी-जांभळट, उजळ भाग पिवळे पडलेले, कागद अगदी पातळ; भिंगाखाली चकाकीतून कागदाचे धागे आणि बारीक तडे दिसतात. त्याआधीचा, मिठाच्या पाण्यात बुडवलेल्या कागदावरचा फोटो मुळीच चकाकत नाही, चित्र धाग्यांतच मुरल्यासारखं असतं. भिंगाखाली रांगेत ठिपके दिसले तर ते छपाईचं पान आहे, फोटो नाही. जांभळ्या दिव्याची, म्हणजे अतिनील टॉर्च असेल तर अंधारात धरा. १९५० नंतरच्या कागदात घातलेली चमक निळी-पांढरी उजळते, जुना कागद तसा उजळत नाही. खोट्या फोटोंपेक्षा या क्षेत्रात खोटी जुळवाजुळव जास्त भेटते, म्हणून माझा वेळ मी अनुक्रमणिकेवर जास्त घालवतो.

लिंकनचा किंवा एखाद्या सेनापतीचा फोटो सापडला म्हणून हुरळून जाऊ नका. असे फोटो तेव्हा दुकानांत विकत मिळत आणि मुलं हौसेने अल्बममध्ये लावत, आपण कॅलेंडर लावतो तसं. खुद्द कॉलेजचं माणूस प्रसिद्ध निघालं तर गोष्ट निराळी. हार्वर्डच्या १८६१ च्या वर्गात ऑलिव्हर वेंडेल होम्स धाकटे होते, पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. १८६४ च्या वर्गात राष्ट्राध्यक्षांचा मुलगा रॉबर्ट लिंकन होता. अशा वर्गांच्या अल्बमसाठी मोठे संग्राहक आणि संस्था उतरतात, तिथे नवख्याने स्पर्धा करू नये.

भावाचं म्हणाल तर, नाव-गाव नसलेला, अर्धा रिकामा अल्बम थोड्याशा डॉलरांत येतो. ओळखलेला, सह्यांचा, पूर्ण वर्ग-अल्बम शेकड्यांत आणि कधी हजारांतही जातो. मी स्वतः लहान, कमी नावाजलेल्या कॉलेजचा पण अखंड अल्बम नामांकित कॉलेजच्या फुटक्या अल्बमपेक्षा नेहमी आधी घेतो.

चौथी पायरी: माणसं शोधा

इथे या छंदाचा खरा आनंद आहे, म्हणून घाई करू नका.

एकही फोटो बाहेर काढण्याआधी प्रत्येक पानाचा सरळ वरून फोटो घ्या आणि पानांना आकडे द्या, वहीत, अल्बमवर नव्हे. मूळ क्रम ही तुमची पहिली नोंद. मग वाचता येतील तेवढ्या सह्या उतरवून काढा. सगळ्या लागत नाहीत. दोन-तीन नावं स्वच्छ वाचली तरी पुरतात.

त्या काळी प्रत्येक कॉलेज दरवर्षी कॅटलॉग छापी. त्यात प्रत्येक वर्गातल्या प्रत्येक मुलाचं नाव, गाव आणि बहुतेक ठिकाणी वसतिगृहातली खोलीसुद्धा असे. हाथीट्रस्ट आणि इंटरनेट आर्काइव्ह या ऑनलाइन ग्रंथसंग्रहांवर असे शेकडो कॅटलॉग फुकट वाचता येतात. तुमची दोन-तीन नावं ज्या वर्षाच्या शेवटच्या वर्गात एकत्र भेटतात, तो तुमचा वर्ग. मग उरलेल्या अर्धवट सह्या त्या यादीशी लावून बघा. वाचता न येणारं अक्षर यादी समोर असली की अचानक वाचता येतं.

माझ्या अल्बममध्ये पान ७ आणि ८ वरचे दोघे समोरासमोर आहेत. एक किडकिडीत, एक चांगला गुटगुटीत, दोघांच्या गळ्याला एकाच कापडाचा बो. आधी वाटलं भाऊ असतील. कॅटलॉग उघडला तर आडनावं वेगळी, राज्यं वेगळी, पण खोली एकच, वेस्ट कॉलेज नावाच्या वसतिगृहातली. ते रूममेट होते. अल्बमच्या मालकाने त्यांना पानांवरही शेजार दिला होता. सुटे विकले असते तर ही दोन अनोळखी कार्डं झाली असती.

कॅटलॉगनंतर वर्गाचे अहवाल शोधा. पदवीनंतर दर काही वर्षांनी वर्गाचा चिटणीस कोण कुठे आहे, कोणाचं लग्न झालं, कोण गेलं, हे छापत असे. हार्वर्डच्या जुन्या माजी विद्यार्थी-यादीत, जी लॅटिनमध्ये छापत, मेलेल्या माणसाच्या नावाला चांदणी लावलेली असे. पहिल्यांदा ती यादी वाचताना मी चांदण्या मोजत बसलो होतो. १८६० च्या आसपासच्या वर्गांत त्या फार लवकर येतात.

कारण यादवी युद्ध. १८६१ च्या वसंतात दक्षिणेकडची मुलं कॉलेज सोडून घरी गेली आणि वर्षभरापूर्वी एकमेकांच्या अल्बममध्ये सह्या केलेले वर्गबंधू विरुद्ध सैन्यांत उभे राहिले. हार्वर्डच्या मेमोरियल हॉलमध्ये उत्तरेच्या बाजूने पडलेल्या १३६ जणांची नावं कोरलेली आहेत. दक्षिणेच्या बाजूने पडलेल्यांची तिथे नाहीत. प्रिन्स्टनमध्ये दक्षिणेची मुलं बरीच असत. तिथे नॅसॉ हॉलमधल्या भिंतीवर दोन्हीकडची नावं एकत्र आहेत आणि कोण कोणत्या बाजूने लढला ते लिहिलेलं नाही. तुमच्याकडे १८५९ ते १८६१ मधला अल्बम आला तर सहीखालचं गाव नीट वाचा. जॉर्जिया, व्हर्जिनिया, मिसिसिपी दिसलं की त्या मुलाची पुढची चार वर्षं शोधा.

फोटोग्राफरचा पत्ताही सोडू नका. कार्डामागे छापलेला रस्ता आणि घराचा आकडा शहराच्या जुन्या डिरेक्टरीत पडताळला की तो स्टुडिओ तिथे कोणत्या वर्षांत होता हे कळतं. १८७० नंतरच्या अल्बममध्ये वॉरनबरोबर पाख ब्रदर्स आणि नॉटमन ही नावं वारंवार भेटतील.

शिपाई, स्वयंपाकी, खोल्या झाडणाऱ्या बायका यांचे फोटो असतील तर त्यांच्यावर मुलांइतकाच वेळ द्या. त्यांची नावं कॅटलॉगात नसतात. मुलं त्यांना टोपणनावाने हाक मारत आणि तेवढंच लिहीत. अशा वेळी जनगणनेच्या नोंदी आणि कॉलेजचं अभिलेखागार कामाला येतं. बरेचदा त्या माणसाचा तुमच्याकडचा फोटो त्यांच्यासाठीही नवा असतो.

पाचवी पायरी: हाताळणी आणि जपणूक

पान ३१ वरचा तो मुलगा मी पहिल्या आठवड्यातच नखाने ओढून बाहेर काढला. कार्ड आलं, पण कप्प्याची खालची कड दोन सेंटिमीटर फाटली. म्हणून हे सविस्तर सांगतो. बहुतेक कप्प्यांचं तोंड खालच्या बाजूला असतं. कार्ड सुजलेलं किंवा कागदाला धरलेलं असतं. पॉलिएस्टरची पातळ पारदर्शक पट्टी कार्ड आणि पान यांच्यामध्ये हळूच सरकवा, चारही बाजूंनी ते मोकळं झालं आहे याची खात्री करा आणि मगच खाली सरकवा. अडकलं तर सोडून द्या. मागे काय लिहिलंय याची उत्सुकता दाबता येते, फाटलेला कप्पा जोडता येत नाही. सगळी कार्डं काढायची गरजही नसते.

हात धुऊन, पूर्ण कोरडे करून काम करा, किंवा नायट्राइलचे हातमोजे घाला. फोटोच्या पृष्ठभागाला बोट लावू नका, कार्ड कडांनी धरा. स्कॅन करायचं तर ६०० डीपीआयच्या (दर इंचाला ६०० ठिपके) खाली नको, शक्यतो १२००, आणि मागची बाजू पुढच्याइतकीच काळजीने. रंगीतच करा, कृष्णधवल केलंत तर शाईचा तपकिरीपणा आणि तिकिटाचा निळा दोन्ही जातात. आख्खा अल्बम स्कॅनरवर उलटा दाबू नका.

सेलोटेप, फेव्हिकॉल, कातड्याला तेल किंवा बुटाचं पॉलिश, यांतलं काहीही लावू नका. जुनं कातडं लाल भुकटीसारखं झडत असेल तर अल्बम आम्लमुक्त कागदात गुंडाळून आम्लमुक्त पेटीत आडवा ठेवा. उभा ठेवला तर पानांच्या वजनाने बांधणी लोंबते. ऊन नको, माळा नको, तळघर नको. आर्द्रता ३० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहिली तर उत्तम.

अल्बम भारतात नेणार असाल तर कोकण-मुंबईच्या पावसाळ्याचा विचार आधी करा. जून ते सप्टेंबर तिथली हवा अल्ब्युमेन कागदाला सोसत नाही. बुरशी धरते, आणि पिठाच्या खळीवर कसर आणि झुरळं तुटून पडतात. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवा, आणि दर महिन्याला जेल वाळवा. डांबरगोळ्या मात्र फोटोंजवळ टाकू नका. कपाटाची भिंत बाहेरच्या ओल्या भिंतीला लागून नसावी.

स्कॅन झाले की एक प्रत त्या कॉलेजच्या अभिलेखागाराला पाठवा. मी आजवर पाठवलेल्या प्रत्येक संचाला उत्तर आलं आहे आणि दोनदा तर त्यांनीच मला न ओळखता आलेली नावं कळवली.

शेवटचं काम चिठ्ठीचं. आम्लमुक्त कागदावर, पेन्सिलीने, आणि अल्बमच्या आत न चिकटवता पेटीत सुटी. कुठून, कधी घेतला, तेव्हा काय स्थितीत होता, तुम्ही काय केलंत. आपल्यानंतर ज्याच्या हाती जाईल त्याला आपला हात कुठे लागला ते कळायला हवं. माझ्या पहिल्या अल्बमच्या पेटीतली चिठ्ठी अशी आहे:

'ब्रिमफील्ड, मे. एक कडी नाही. ५३ फोटो, दोन कप्पे रिकामे, दोन्ही मिळाले तेव्हापासून. पान ७ आणि ८: रूममेट, क्रम बदलू नये. पान ३१: कार्ड मी काढून पुन्हा बसवलं. कप्प्याची फाट माझ्या हातून.'